थोरलीच्या गळ्याचं माप

१२ सप्टेंबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर. गोड मानून घ्या.)

पत्राला उशीर झाला, कारण घरात पाहुणी आली आहे. वजन सातशे किलोच्या पुढे, पायांना घोट्याखाली झुपकेदार केस, आणि ती अंगणातून चालली की माझ्या फडताळातल्या बशा वाजतात. तुमच्या धाकट्या बंधूंनी घोडी आणली आहे.

बसायची घोडी असती तर एक वेळ समजलं असतं. ही ओढकामाची आहे. टेकडीच्या उतारावरची जुनी झाडं ओढून खाली आणायची, फळझाडांच्या ओळींमधली माती मोकळी करायची, बटाट्याची गाडी ओढायची, हे सगळं म्हणे आता ही करणार. आमच्या बिट्टीने तिचं नाव थोरली ठेवलं आहे. म्हणजे लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर मला जाऊ मिळाली.

वन्सं, तुम्हाला मधमाश्या आठवत असतील. पोस्टमन अजून फाटकाबाहेरूनच हाक मारतो. मग बदकं झाली, मग न्हाणीघराशेजारच्या खोलीत अळिंबी झाली. प्रत्येक खूळ यांच्या डोक्यातून निघतं आणि माझ्या हातात येऊन थांबतं. आता बादल्या, चारा आणि लीद.

मी विचारलं, ट्रॅक्टर आहे की. तर म्हणाले, ट्रॅक्टरने जमीन दबते आणि उतारावर त्याचा भरवसा नाही. गेल्या वर्षी तो कलंडला तेव्हाचं तुम्हाला माहीतच आहे. पण यांचा खांदा जागेवर बसला, डॉक्टरांनी सगळं ठीक म्हणून सांगितलं, ट्रॅक्टरही दुरुस्त होऊन आला. तो आला तसा शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा आहे, आणि नांगरट बाहेरचा माणूस येऊन करून गेला.

तुम्ही थोरल्या बहीण. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. दोन खरमरीत ओळी लिहा. आणि अजून एक. ओढणाऱ्या घोड्याच्या गळ्यात जाड गादीचं चामडी कडं असतं, त्याला हे गळपट्टा म्हणतात. सगळं ओझं त्याच्यावर येतं. थोरलीचा फाटलेला आहे आणि यांनी मनाशी धरलं आहे की अक्का चामड्याचं काम करते, ती शिवून देईल. तुम्ही सरळ नाही म्हणा.

बिट्टीचा नमस्कार. तुमचा लोभ हवाच आहे. सध्या जरा जास्त हवा आहे.

तुमची,
वहिनी


२१ सप्टेंबर

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ., आणि कंबरेला शेक दे.

खरमरीत ओळी लिहायला बसले होते. "बाबा रे, हे काय नवीन" इथपर्यंत आले आणि पुढे लिहिलं, "तिच्या गळ्याचं माप पाठव." तेव्हा तो कागद फाडला आणि हा तुला लिहिते आहे. मला माफ कर, आणि माप तूच घे. त्याच्यावर माझा विश्वास नाही. लहानपणी त्याने स्वतःच्या पायाचं माप चुकवून दोन डाव्या चपला आणल्या होत्या.

अगं, सत्तावीस वर्षं मी या दुकानात बॅगांचे कान शिवते आहे. सूटकेसची मूठ, दप्तराचा पट्टा, तुटलेली चेन. जिवंत अंगावर चढेल असं काही करून दे, असं कुणी कधी म्हणालं नाही. मालकांना विचारलं. ते म्हणाले, दुकान बंद झाल्यावर मशीन वापरा, पण घोडीला इथे आणू नका.

अंगठा दुखतो आहे. जाड चामड्यातून सुई ओढताना डोळ्यांत पाणी येतं. तरी करते.

ती मान वर करून उभी असताना माप घे. मान पाठीला मिळते तिथल्या वरच्या कडेपासून छातीच्या वर जिथे श्वासनळी लागते तिथपर्यंत, आणि तिथे तुझा हात सपाट आत जाईल एवढी जागा सोड. दोरीला गाठी मारून दोरीच पाठव. आकडे नकोत, तुझा एक आणि सात मला सारखेच दिसतात.

माझं नेहमीचंच. पाच मजले चढते, पाच उतरते. बिट्टीला पापा. माया आहे ती तशीच; पत्र मात्र लवकर टाक.

तुझी,
अक्का


६ ऑक्टोबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. तुम्ही फितूर झालात. सोबत दोरी.

माप घेताना थोरलीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बटाट्याचं पोतं ठेवल्यासारखं. मला वाटलं काढेल, पण काढलं नाही. मीही उभी राहिले. पहिली गाठ कुठे मारायची ते विसरले, म्हणून सगळं परत केलं.

तिची एक काळजी झाली होती. आल्यापासून ती नीट खात नव्हती. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून खिंकाळायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, तब्येतीत काही खोट नाही, घोड्याला एकटं राहवत नाही. सोबत द्या, शेळीसुद्धा चालेल. मी शेळीला कबूल झाले, हे तुम्ही साक्षीला ठेवा. संध्याकाळी टेम्पोतून उतरलं ते तट्टू.

माझ्या कमरेएवढं आहे, पोट गोल आणि कपाळावर केसांची झालर. नाव गोटी. आल्याआल्या माझ्या स्वेटरचं बटण खाल्लं. दुसऱ्या दिवशी दाराची कडी तोंडाने उघडायला शिकली आणि कोबीच्या वाफ्यात सापडली. ती आली त्याच दिवशी थोरलीने बादलीभर चंदी खाल्ली. आता दोघी एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या असतात. त्यांच्याकडे बघून कुणालाही झोप येईल. मला येते, पण बसायला वेळ नसतो.

बिट्टीचं काय सांगू. फोनमधून डोकं वर न काढणारी पोर माझ्याआधी उठून खरारा करते. भिंतीवर जगातल्या सगळ्या जाड घोड्यांची चित्रं. जेवताना बापलेक खुरांवर बोलतात. कुठल्या जातीचा खूर रुंद, कुठल्या मातीला कुठला नाल. परवा मी विचारलं, भाजी कशी झाली आहे, तर बिट्टी म्हणाली, आई, नालबंद गुरुवारी येणार आहे.

दोघांना वेड लागलं की तिसऱ्याने शहाणं राहावं लागतं, वन्सं, आणि ते फार दमवणारं काम आहे. मी कंटाळले आहे. घोड्यांना नाही, नेमकी कशाला ते सांगता येत नाही. सकाळी डोळे उघडतात तेव्हाच अंग जड असतं.

अंगठ्याला जपा. आमची आठवण असू द्या, शिवताना सुई टोचली की काढा हवी तर.

तुमची,
वहिनी


२४ ऑक्टोबर

चि. सौ. वहिनीस,

अ. उ. आ. गळपट्टा कालच्या बसने पाठवला आहे. कंडक्टरने विचारलं, बाई, हे काय, दाराची कमान आहे का.

आत गव्हाचा पेंढा ठासून भरला आहे, बाहेरून दुहेरी टाका. दोन सुया मोडल्या. शेवटचे दोन दिवस मालक स्वतः समोर धरून बसले होते, आणि ज्यांच्या बॅगा तयार होत्या ती गिऱ्हाइकंसुद्धा थांबून बघत होती. पूर्ण झाल्यावर मी तो स्वतःच्या गळ्यात घालून पाहिला. खांद्यांवर बसला आणि मला एकदम वाटलं की कुणीतरी मागून धरलं आहे. म्हातारीचे चाळे, दुसरं काय. पहिले काही दिवस थोडाच वेळ घाला. घासलं तर जुन्या घोंगडीचा तुकडा आतून लावा.

तुझं अंग जड असतं ते वाचलं. त्यावर उपाय सांगण्याइतकी मी शहाणी नाही. मलाही असतं.

एक विचारू? धाकटा ट्रॅक्टरवर बसतो का गं? रागावू नको. उत्तराची घाई नाही. त्याला काही बोलू नको, नुसतं बघ.

इकडे थंडी पडायला लागली. सगळ्यांना आशीर्वाद, त्यातले दोन जास्त तुला.

तुझी,
अक्का


११ नोव्हेंबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. पत्र उशिरा लिहिते आहे त्याला कारण तुम्ही आहात.

आधी चांगलं सांगते. गळपट्टा बसला. डाव्या खांद्यावर जरा घासला, तिथे घोंगडी लावली. मी चहा घेऊन उतारावर गेले होते. वाळलेलं झाड साखळीने बांधलेलं, थोरली पुढे, हे बाजूला. मला वाटलं होतं ओरडून, हाकारून काम चालत असेल. हे तिच्या कानाशी इतकं हळू बोलत होते की मला ऐकू आलं नाही. तिने मागचे पाय मातीत रोवले, अंग खाली घेतलं आणि झाड निघालं. मी चहा हातात धरून उभी, थंड झाला. बिट्टी म्हणाली, आई, तू तोंड उघडं टाकून बघत होतीस. असेन.

आता दुसरं. मी बघितलं, वन्सं. ताडपत्रीच्या दोरीला मेकॅनिकने मारलेली गाठ अजून तशीच आहे. हे शेडकडे जातात तेव्हा मागच्या बाजूने वळसा घालून जातात. रस्त्यावरून दुसऱ्या कुणाचा ट्रॅक्टर गेला की यांना नेमकं घरातून काहीतरी आणायचं असतं. एकदा आत आले आणि हातात चमचा घेऊन परत गेले. मी सहज विचारलं, कधी बाहेर काढायचा ट्रॅक्टर, तर म्हणाले, बघू, बॅटरी उतरली असेल.

एका घरात राहून मला दिसलं नाही आणि तुम्हाला तिकडे पाचव्या मजल्यावर बसून दिसलं, याचा मला राग आला. दोन दिवस मनातल्या मनात तुमच्यावर धुसफुसले. मग वाटलं, मी बघायचं कधी? बादलीकडे, चुलीकडे, पावलांपुरत्या जमिनीकडे, एवढंच माझं बघणं. एखादा माणूस वर्षभर घाबरून शेजारी झोपतो आणि आपण घोरतो.

आता राग गेला. बोलू कशी ते कळत नाही. माहेरी मीच ट्रॅक्टर चालवायची, पण इथे तसं म्हटलं तर उगाच हिणवल्यासारखं होईल.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. लोभ वाढवा म्हणत नाही, आहे तेवढा पुरून उरतो आहे.

तुमची,
वहिनी


३ डिसेंबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत. मग पुढचं वाचा.

सोमवारी सकाळी धुकं होतं. हे थोरलीला घेऊन खालच्या शेताकडे निघाले. चराच्या काठाची माती रात्रभराच्या पावसाने सुटली होती. तिचा मागचा पाय गेला, आणि ती सगळी कुशीवर चरात पडली. पाठ एका काठाला, पाय दुसऱ्या काठाला. उठायला जागाच नाही. मी आवाजाने धावले. एवढं मोठं जनावर असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पाय झाडून झाडून ती थकली, मग नुसती धापा टाकू लागली. गोटी वर काठावरून ओरडत होती.

बिट्टीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या तास-दीड तास लांब होत्या. त्यांनी फोनवरच सांगितलं की इतका वेळ ती अशी पडून राहिली तर स्वतःच्या वजनानेच जाईल. मानेला, पायांना दोर बांधू नका. पोती उचलायचे रुंद पट्टे असतील तर पुढच्या पायांमागून छातीला लावा, डोकं एकाने धरा आणि हळू, सरळ रेषेत ओढून काढा. ट्रॅक्टर आहे ना, असं त्यांनी विचारलं. बिट्टी आहे म्हणाली. शेजारचे दोघेही सकाळीच बाजाराला गेले होते.

हे शेडकडे धावले. मी आणि बिट्टी चिखलात पडून पट्टे खालून सरकवत होतो. पट्टे लागले तरी इंजिनाचा आवाज नाही. बिट्टीला डोक्यापाशी बसवून मी शेडमध्ये गेले.

ताडपत्री खाली पडली होती. यांचा एक पाय पायरीवर, एक हात स्टिअरिंगवर. चेहऱ्यावरून घाम. थंडीत, वन्सं. मला बघून म्हणाले, पाय चढतो, पण पुढचं काही होत नाही. मला जमत नाही गं. वर्षभर जमत नाही.

बोलायचं कसं म्हणून मी तीन आठवडे शब्द जुळवत होते. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, उतरा, ती तुमचं ऐकते, तुम्ही तिच्या डोक्यापाशी जा, हे मी बघते. ते बाजूला झाले. म्हणाले, क्लच जड आहे, सोडताना हिसका बसेल. आणि पळाले.

बॅटरी उतरली नव्हती.

मी ट्रॅक्टर चराच्या रेषेत लावला. मागे बघितलं तर हे चिखलात बसलेले, तिचं डोकं मांडीवर, तिच्या डोळ्यावर स्वतःचा हात. त्यांनी मान हलवली तेव्हा मी क्लच सोडला. हिसका बसू नये म्हणून एका हाताने गुडघा दाबून धरला. पट्टे ताणले गेले. आधी काहीच नाही, मग ती इंच इंच सरकली, आणि एकदम मोकळी होऊन गवतावर आली. पडूनच राहिली. बिट्टी रडायला लागली. हे तिच्याशी बोलत होते, तेच हळू बोलणं. मग तिने पुढचे दोन पाय टाकले, धडपडली, परत टाकले आणि उभी राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा थोरली थरथरत होती आणि आम्ही तिघं तिच्यावर घरातली सगळी पांघरुणं टाकून उभे होतो. पुढचा खांदा दुखावला आहे. वाचेल, हळूहळू चालेल, पण जड ओढकाम आता परत नको असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रात्री जेवताना हे बोलले. ट्रॅक्टर कलंडला तेव्हा इंजिन चालू होतं आणि चाक डोक्याशेजारी फिरत होतं, ते किती वेळ ते त्यांना अजून माहीत नाही. मी ऐकलं. बिट्टीनेही ऐकलं. मग ते उठून बाहेर गेले आणि ट्रॅक्टरची चिखलाने भरलेली चाकं पाणी मारून धुतली.

माझे हात अजून भरून आले आहेत, अक्षर बघताच आहात. तुमची आठवण आली, म्हणून सगळं लिहिलं.

तुमची,
वहिनी


१० डिसेंबर

प्रिय वहिनी,

आज आशीर्वाद देत नाही, नमस्कार करते. माझ्याहून लहान असलीस तरी घे.

पत्र दुकानात वाचलं. मालकांनी विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, निघाली बाहेर.

मला कसं दिसलं, ते आता सांगते. चार वर्षांपूर्वी मी आमच्या लिफ्टमध्ये अडकले होते. अंधारात, एकटी. तेव्हापासून पाच मजले जिने चढते आणि सगळ्यांना सांगते की तब्येतीला बरं. शेजारीण तर माझं कौतुक करते, या वयात म्हणून. धाकट्याचं जमीन दबते, जमीन दबते, हे वाचलं आणि मला माझेच जिने आठवले. त्याला हे सांग. किंवा राहू दे, मीच सांगेन कधीतरी.

आता माझं ऐक. घोडी उठली, नवरा बोलला, पोर शहाणी निघाली. तू? तुझ्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे, हात भरून आले आहेत, आणि तीही अक्षराची माफी मागायला. आठ दिवस इकडे ये. माझ्याकडे खिडकीशी एक पलंग आहे, त्याच्यावर मी बॅगा ठेवते. बॅगा काढते. इथे तुला कुणी बादली मागणार नाही. आलीस की मी खाली बसस्टँडवर येते, आणि दोघी जिन्याने वर जाऊ, सावकाश, प्रत्येक मजल्यावर बसत.

थोरलीच्या खांद्याला हात लाव माझ्याकडून. वाट बघते, हे नुसतं पत्राच्या शेवटी लिहायचं म्हणून लिहीत नाही.

तुझी,
अक्का


८ जानेवारी

ती. अक्कास,

नमस्कार. पत्र माझं आहे, दचकू नको. अक्षर लागलं नाही तर बिट्टीला फोन कर, ती सांगेल.

तुझी वहिनी लिहिणार होती. ती झोपली आहे. चाऱ्याच्या खोलीत बाज आहे, तिच्यावर. बूट पायातच आहेत. दुपारची झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, म्हणून आधी घाबरून श्वास चालू आहे का ते बघितलं. मग बिट्टी म्हणाली, बाबा, तुम्ही आत्याला लिहा.

झालं ते असं. थोरली चालते. थोडी लंगडते. बिट्टी तिला रोज ओढ्यापर्यंत नेऊन आणते, गोटी मोकळी मागून जाते. पण तिच्याकडून काम होणार नाही. मी म्हटलं, पुरे झालं हे सगळं. उतार पडीक टाकू. दोघींना कुणी चांगलं घर देईल तर देऊ. मी तसं सगळ्यांना सांगून टाकलं. वहिनी बादली उचलून बाहेर गेली. आधी हे घोडं नको म्हणणारी तीच, म्हणून मला वाटलं तिला बरंच वाटलं असेल.

काल सकाळी चहा झाल्यावर तिने बूट घातले, गोटीचा दोर धरला आणि फाटकातून निघाली. कुठे विचारलं तर म्हणाली, येते. मी आणि बिट्टी दिवसभर रस्त्याकडे बघत. फोन तिने चुलीशेजारीच ठेवला होता. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तिघं दिसली. पुढे गोटी, मध्ये ही, आणि मागे एक भलामोठा काळा घोडा. घोडेवाल्याकडे जाऊन तिने स्वतः निवडला. तो टेम्पोत चढेना, चारदा उतरला. शेवटी गोटी पुढे चालली तर तो तिच्यामागे मुकाट येतो हे तिच्या लक्षात आलं, म्हणून सगळी वाट चालत आणला. पायाला फोड आले आहेत.

मी म्हटलं, अगं, मला विचारायचं तरी. ती म्हणाली, एकटीवर सगळं ओझं टाकलं की कधीतरी ती पडते, जोडीला कुणी हवं. अक्का, ती कोणाबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही. बादल्या मात्र आज सकाळी मी भरल्या. भाजी बिट्टीने केली, ती खाण्यासारखी नव्हती, आम्ही खाल्ली.

तुझं लिफ्टचं वहिनीने वाचून दाखवलं. मी हसलो. मग शेडमागचे माझे वळसे आठवले. गेल्या आठवड्यात ट्रॅक्टरवर जाऊन बसलो होतो. चालू केला नाही. बिट्टी शेजारी उभी होती. थोडा वेळ बसलो आणि उतरलो. खालची शेतं सध्या वहिनी नांगरते, सरळ ओळी काढते, माझ्यापेक्षा सरळ.

मंगळवारच्या बसने तिला तुझ्याकडे पाठवतो. ती नाही म्हणेल. मी तिची पिशवी भरून ठेवली आहे. आठ दिवस म्हणतेस, दहा ठेवून घे. तिला उठवू नको सकाळी.

अजून लिहिलं असतं. पण नवा घोडा परक्या जागेत आहे, फळीवर लाथा मारतो आहे, आणि ती फळी चाऱ्याच्या खोलीला लागून आहे. जातो, त्याच्यापाशी उभा राहतो. नाहीतर ती उठेल.

तुझा,
धाकटा